बटाट्याच्या पानावरची चिकट लव

बोलिव्हियातल्या कोचाबाम्बाच्या आसपास, अँडीजच्या कोरड्या दऱ्यांमध्ये एक रानटी बटाटा उगवतो, सोलॅनम बर्थॉल्टी त्याचं नाव. जांभळट फुलं येतात, जमिनीखाली बारीक बारीक बटाटे लागतात जे कुणी बाजारात नेणार नाही, आणि एरवी त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नसतं. पण त्याच्या पानावर मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारी ती बारीक कीड, टिकत नाही. म्हणजे मावा येतो, बसतो, दोन पावलं चालतो आणि तिथून त्याचं बिनसायला लागतं. पाय उचलायला जड जातात, तो झटके देतो, पाय सोडवायला बघतो आणि जितकी झटापट करतो तितका जास्त अडकत जातो, मग हळूहळू त्याचे पाय आणि सोंड तपकिरी थराखाली बंद होतात आणि तो तिथेच, अन्नावर उभा राहून, उपाशी मरतो.

हे सगळं घडतं ते पानावरच्या लवेमुळे. बटाटा, टोमॅटो, वांगं, तंबाखू यातल्या कुठल्याही पानावर बोट फिरवलं की हाताला जे बारीक बारीक लागतं ती ही लव, शास्त्रात तिला ट्रायकोम म्हणतात. त्यातले काही केस नुसते टोकदार असतात आणि काहींच्या टोकाला ग्रंथी असते. ग्रंथीवाल्या केसांबद्दल मी बरीच वर्षं वाचत आलेय, शिकवतानाही विषय फिरून फिरून तिकडेच नेते, आणि तरी अजून ते मनातून जात नाही म्हणून आज सविस्तर लिहायला बसलेय.

याचं एक कारण माझं आजोळ. आंबेगाव तालुक्यातलं सातगाव पठार, पुणे जिल्ह्यात बटाट्यासाठी नाव असलेला भाग. तिकडे पावसाच्या भरवशावर खरिपात बटाटा घेतात, मंचरच्या मार्केटला माल जातो, आणि लागवडीच्या आधी गावात एकच विषय असतो, बेणं, म्हणजे लावायचे बटाटे. बेणं कुठून आलंय, काय भावाने आलंय, डोळे फुटलेत का, गोण्यांमध्ये किती सडलंय. आणि हे बेणं येतं पंजाबमधून. लहानपणी मला हे फार विचित्र वाटायचं की इतका बटाटा आपल्याच रानात पिकतो, मग त्यातलाच थोडा पुढच्या वर्षीला का नाही ठेवायचा? एकदा मामांना विचारलं तर ते म्हणाले, "अगं पोरी, घरचं बेणं एकदा चालतंय, दुसऱ्यांदा पाला गुंडाळतोय आन् तिसऱ्यांदा बटाटाच लागत नाय." कारण विचारलं तर एकच शब्द, "मावा."

मामांना व्हायरस हा शब्द तेव्हा वापरायची गरज नव्हती पण ते सांगत होते ते तंतोतंत तेच होतं. मावा रस शोषतो हे नुकसान एक वेळ सोसता येतं. खरा घोळ असा की तो सोंडेतून एका झाडाचा व्हायरस दुसऱ्या झाडात नेऊन सोडतो, आणि बटाटा आपण बियांपासून लावत नाही, कंदापासून लावतो, त्यामुळे झाडात शिरलेला व्हायरस कंदात उतरतो आणि कंदाबरोबर पुढच्या वर्षीच्या शेतात जातो. लीफ रोल व्हायरसने पानं वरच्या बाजूला गुंडाळली जातात, कडक होतात, वाय व्हायरसने पानावर मोझॅक, म्हणजे फिकट-गडद ठिपक्यांची नक्षी, येतो, झाड खुरटतं, आणि दर पिढीला उतारा, म्हणजे एकरी पीक, घसरत जातो. त्यात मावा वाढतो कसा ते बघा, मादीला नराची गरजच पडत नाही, ती थेट जिवंत पिल्लं घालते आणि त्या पिल्लांच्या पोटात पुढची पिल्लं तयार व्हायला लागलेली असतात. आठवडाभर लक्ष गेलं नाही तर पानाची खालची बाजू भरून जाते.

आपल्या देशात यावर जो उपाय निघाला तो मला फार मोठा वाटतो आणि त्याबद्दल बोललं फार कमी जातं. आधी बेणं डोंगराळ भागातून यायचं, शिमल्याकडून वगैरे, कारण तिथल्या थंडीत मावा कमी. १९५०च्या दशकाच्या शेवटी सेंट्रल पोटॅटो रिसर्च इन्स्टिट्यूटच्या डॉ. पुष्करनाथ यांनी सांगितलं की मैदानी भागातही असे काही महिने मिळतात जेव्हा मावा जवळजवळ नसतो, तेवढ्या फटीत बेण्याचं पीक काढून घ्या. ऑक्टोबरात लागवड, डिसेंबरपर्यंत वाढ, आणि जानेवारीत मावा चढायला लागला की पाला कापून टाकायचा, १०० संयुक्त पानांमागे २० मावा ही मर्यादा, ती ओलांडायच्या आत पाला गेला पाहिजे. कंद जमिनीतच राहतात, साल पक्की झाली की काढायचे. याला सीड प्लॉट टेक्निक म्हणतात आणि जालंधरच्या बेण्याचा सगळा व्यवहार याच्यावर उभा आहे. म्हणजे आमच्या पठारावरचा शेतकरी ट्रक भाडं भरून जे विकत आणतो ते खरं तर पंजाबातले मावा नसलेले अडीच-तीन महिने असतात. पुणे जिल्ह्यात तशी कडक थंडी नाही आणि त्यामुळे ती फटही नाही.

हे डोक्यात असताना मी जेव्हा पहिल्यांदा वाचलं की एक बटाटा असा आहे ज्याच्या पानावर मावा स्वतःच अडकून मरतो, तेव्हा मला काय वाटलं असेल विचार करा.

या झाडाला शास्त्रीय नाव दिलं जॅक हॉक्स या इंग्लिश वनस्पतिशास्त्रज्ञाने, १९४४ साली. हॉक्स तरुण असताना, १९३८मध्ये, लेनिनग्राडला जाऊन वाविलोव्हना भेटला होता, पिकांचे रानटी नातेवाईक जगभरातून गोळा करायचा ध्यास घेतलेला तो माणूस, जो पुढे स्टालिनच्या तुरुंगात १९४३मध्ये वारला. त्या भेटीनंतरच्या वर्षी हॉक्स दक्षिण अमेरिकेत बटाटे गोळा करत महिनोनमहिने फिरला. मला या माणसांबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते, कारण त्या वेळी कुणालाच माहीत नव्हतं की या गोटीएवढ्या कंदांच्या झाडात नेमकं काय उपयोगाचं आहे. त्यांनी ते आणलं, नीट लेबल लावून जपलं, आणि ते जपलं गेलं म्हणून पुढच्या माणसाला बघायला मिळालं.

पुढचा माणूस म्हणजे आर. डब्ल्यू. गिब्सन, इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रातला. १९७१ साली त्याने दाखवलं की काही रानटी बटाट्यांवर, बर्थॉल्टी त्यातला एक, मावा टिकत नाही त्याचं कारण ग्रंथीवाले केस आहेत. आणि मग हळूहळू उलगडत गेलं की बर्थॉल्टीच्या पानावर दोन वेगवेगळ्या प्रकारचे केस आहेत आणि दोघांची कामं वेगळी आहेत.

पहिला प्रकार बुटका, मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या भागाएवढा, आणि त्याच्या डोक्यावर चार पाकळ्यांची ग्रंथी. याला टाइप ए म्हणतात. दुसरा लांब, पाऊण मिलिमीटरच्या आसपास, त्याच्या टोकाला कायम एक पारदर्शक चिकट थेंब लटकलेला असतो. हा टाइप बी. मावा पानावर उतरला की आधी त्याचा संबंध उंच केसांशी येतो, म्हणजे टाइप बीशी. तो थेंब साखरेचा आहे पण गोड खाऊची साखर नव्हे, सुक्रोजच्या रेणूला आम्लाच्या छोट्या साखळ्या जोडून झाडाने बनवलेला चिकट पदार्थ. मावा त्याने माखतो, अस्वस्थ होतो, तिथून निघायची धडपड करतो, आणि त्या धडपडीत त्याचे पाय खालच्या बुटक्या केसांवर आपटतात. बुटक्या केसाची ग्रंथी नाजूक असते, ती फुटते.

फुटल्यावर जे होतं ते मला सगळ्यात सुंदर वाटतं. त्या ग्रंथीच्या पेशींमध्ये एका कप्प्यात फिनॉल जातीची रसायनं असतात आणि दुसऱ्या कप्प्यात एन्झाइम, पॉलिफिनॉल ऑक्सिडेज. जोवर कप्पे शाबूत तोवर काहीच घडत नाही, केस शांत. कीटकाच्या पायाने कप्पे फुटले की दोन्ही एकत्र येतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि फिनॉलचं रूपांतर होऊन सगळं घट्ट व्हायला लागतं. हार्डवेअरच्या दुकानात दोन नळ्यांचा एपॉक्सी गोंद मिळतो ना, वेगवेगळ्या नळीत असताना वर्षभर पातळ राहतो आणि एकत्र कालवला की दगड होतो, अगदी तो प्रकार. फक्त इथे कालवायचं काम कीटकाला स्वतःच करावं लागतं. झाड जागचं हलू शकत नाही, त्याच्याकडे स्नायू नाहीत, तर त्याने सापळा मिटायची ताकद शत्रूच्याच पायातून घेतली.

आणि हे एन्झाइम आपल्या रोजच्या ओळखीचं आहे. वांग्याच्या फोडी चिरून ठेवल्या की काळ्या पडतात, बटाट्याचा कीस काळा पडतो, सफरचंद तपकिरी होतं, त्याला कारण हेच पॉलिफिनॉल ऑक्सिडेज. फोडी पाण्यात टाकल्या की हवा कमी लागते आणि काळेपणा लांबतो, हे घराघरात माहीत असतं. मी वर्गात हेच करून दाखवते, एक फोड पाण्यात आणि एक बाहेर, आणि मग सांगते की बोलिव्हियातल्या एका झाडाने हीच काळं पडण्याची क्रिया पानाच्या केसात भरून ठेवलीय आणि तिच्याने ते माव्याला जखडून ठेवतं. मुलांचे चेहरे त्या क्षणी बघण्यासारखे असतात.

बर्थॉल्टी काही आपल्याला इथे मिळणार नाही पण ग्रंथीवाले केस बघायचे असतील तर टोमॅटो घ्या, एकाच कुळातला आहे. कॉलेजातल्या साध्या मायक्रोस्कोपखाली कोवळी फांदी ठेवली, सगळ्यात कमी पॉवरवर, तरी बुटके-लांब दोन्ही दिसतात आणि काहींच्या टोकाला चमकणारा थेंबही. नारायणगावच्या बाजूला टोमॅटोच्या तोडणीला जाणाऱ्या बायकांचे हात संध्याकाळी हिरवे-काळे झालेले असतात, साबणाने धुतले तरी लवकर निघत नाही, अंगाला तो उग्र वास राहतो. तो सगळा पानावरच्या आणि देठावरच्या केसांचा माल. दिवसभर त्या बायका हजारो ग्रंथी फोडत असतात. माणसाला त्याने हात काळे होण्यापलीकडे फारसं काही होत नाही, पण दीड-दोन मिलिमीटरच्या जिवाच्या जागी स्वतःला ठेवून बघितलं की या पानाकडे बघायची नजरच बदलते. आपण पानाला सपाट धरतो. माव्याला ते झाडी आहे, आणि त्यात प्रत्येक खोडाच्या शेंड्याला चिकट गोळा टांगलेला आहे.

आता यातलाच अजून एक भाग. मावा कळपाने राहतो. त्यातल्या एकावर हल्ला झाला की त्याच्या पाठीवरच्या दोन नळ्यांमधून एक द्रव बाहेर येतो, त्यातलं फार्नेसिन नावाचं रसायन हवेत पसरतं आणि आजूबाजूचे मावा सोंड उपसून पळ काढतात किंवा सरळ पानावरून खाली पडतात. धोक्याचा वास. १९८३मध्ये गिब्सन आणि जॉन पिकेट या दोघांनी नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात छापलं की बर्थॉल्टीच्या पानाच्या केसांमधून नेमकं हेच रसायन हवेत सुटतं आणि मावा त्या पानापासून थोडा लांबच थांबतो. म्हणजे चिकटणं ही नंतरची पायरी झाली, त्याच्या आधीच झाड माव्याला माव्याच्याच वासाने घाबरवून ठेवतं. एका केसात इतकं सगळं.

यावरून रॉथमस्टेडच्या लोकांना पुढे वाटलं की हा वास गव्हात आणता आला तर? त्यांनी जेनेटिकली मॉडिफाइड गहू तयार केला जो हे फार्नेसिन सोडत राहतो. प्रयोगशाळेत मावा खरंच पळाला. २०१२ आणि २०१३मध्ये शेतात चाचण्या झाल्या, २०१५मध्ये निकाल छापला, आणि शेतात मावा काही कमी झाला नाही. त्यांनी तो निकाल जसा आला तसा छापला याचा मला आदर वाटतो. त्या गव्हातून वास सतत येत होता, खऱ्या माव्याचा इशारा हल्ल्याच्या वेळी एकदम झपकन येतो आणि विरतो. सतत वाजणाऱ्या भोंग्याला कोण किती दिवस घाबरेल. माझं मत असं झालंय की बर्थॉल्टीच्या केसातून एकच तुकडा काढून दुसऱ्या पिकात बसवायला गेलं की हा धोका राहणारच, कारण तिथे वास आहे, चिकटा आहे, घट्ट होणारा रस आहे आणि हे सगळं अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरात एकामागोमाग लागतं.

मग आपल्या खायच्या बटाट्यात हे का नाही? तर अगदीच नाही असं नाही. आपल्या बटाट्याच्या पानावरही बुटके चार पाकळ्यांचे केस असतात पण विरळ आणि त्यात माल कमी, आणि लांब केसाच्या टोकाचा तो कायमचा थेंब नसतो. हजारो वर्षं माणसाने बटाटा निवडला तो कंद बघून. मोठा आहे का, कडू लागतो का, टिकतो का. पानाची लव कोण बघणार, आणि का बघावी?

ती परत आणायचं काम अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात झालं, वॉर्ड टिंगी हा कीटकशास्त्रज्ञ आणि रॉबर्ट प्लेस्टेड हा बटाट्याचे नवे वाण तयार करणारा ब्रीडर. त्यांच्याकडे माव्यापेक्षाही मोठं संकट होतं, कोलोरॅडो बटाटा भुंगेरा. हा पट्ट्यापट्ट्यांचा भुंगेरा मूळचा एका रानटी काटेरी झुडपावर राहणारा, १८५९च्या सुमारास नेब्रास्कात बटाट्यावर आला आणि पंधरा वर्षांत अटलांटिकच्या किनाऱ्याला पोचला, पुढे युरोपातही गेला. सुदैवाने तो भारतात नाही. पण तिकडे त्याने आजवर पन्नासहून जास्त कीटकनाशकं पचवलीत, आणि न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचा भुंगेरा तर त्यासाठी कुप्रसिद्ध. फवारा बदलायचा, दोन-चार वर्षं बरी जायची, परत तेच. अशा ठिकाणी लवेवर भरवसा ठेवावासा वाटणं अगदी साहजिक आहे.

भुंगेरा काही माव्याएवढा चिमुकला नाही, तो चिकटून मरत नाही. पण लवदार पानावर तो कमी खातो, कमी अंडी घालतो, अळ्या हळू वाढतात. तुडतुड्यांवर आणि पानाला भोकं पाडणाऱ्या छोट्या उड्या मारणाऱ्या भुंग्यांवरही चांगला परिणाम दिसला. बर्थॉल्टीचा साध्या बटाट्याशी संकर करायचा, पिल्लं बघायची, लव आहे ती ठेवायची, परत साध्या बटाट्याशी संकर, परत बघायचं. सत्तरच्या दशकात सुरू झालेल्या या कामातून १९९२मध्ये एनवायएल २३५-४ हा लवदार वाण ब्रीडरांसाठी जाहीर झाला आणि पुढे प्रिन्स हेअरी, किंग हॅरी हे वाण आले. किंग हॅरी तिकडे परसबागेत आणि सेंद्रिय शेती करणारे लावतात.

मी हे सगळं मामांना एकदा सुट्टीत सांगितलं, अगदी रंगवून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उतारा किती?"

आणि तोच प्रश्न आहे. रानटी झाडातून लव घेताना लव एकटी येत नाही. बर्थॉल्टीचे कंद बारीक, पीक उशिरा तयार होतं, आणि लवेचे जीन कुठे एकाच जागी नाहीत, त्यातही लांब केसाचा चिकट थेंब तर पिढ्यांमध्ये टिकवणं फार अवघड गेलं. प्रत्येक संकरात थोडं रान आत येतं आणि ते बाहेर काढेपर्यंत लवही पातळ होते. त्यात बर्थॉल्टीच्या पेशीत २४ गुणसूत्रं आणि आपल्या बटाट्यात ४८, म्हणजे पहिलं पाऊलच अवघड. ज्यांनी यात वीस-तीस वर्षं घालवली त्यांना हे माहीत होतं, तरी ते करत राहिले. मला वाटतं अशा कामाला आपल्याकडे जेवढा मान मिळायला हवा तेवढा मिळत नाही. नवीन औषध बाजारात आलं की गावात पोस्टर लागतं, दहा पिढ्या संकर करून पानाचा केस सांभाळणाऱ्या माणसाचं नाव कुणाला ठाऊक नसतं.

अडचणी अजून आहेत आणि त्या लपवून उपयोग नाही. चिकट केसाला शत्रू कोण आणि मित्र कोण हे कळत नाही. मावा खाणारे ढालकिडे, त्यांच्या अळ्या, माव्याच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या, हे सगळे मित्रकीटकही लवदार पानावर अडखळतात, काही अडकतात. भुंगेराही पिढ्यानपिढ्या अशाच पानावर ठेवला तर जुळवून घ्यायला लागतो असं अमेरिकेतल्या प्रयोगांत दिसलंय. आणि वाय व्हायरसच्या बाबतीत माव्याने नुसती सोंड टोचून बघितली, काही सेकंदच, तरी व्हायरस झाडात जातो, त्याला अडकून मरेपर्यंत थांबायची गरज नसते. लीफ रोलचं वेगळं आहे, तो व्हायरस द्यायला-घ्यायला माव्याला बराच वेळ बसून रस प्यावा लागतो, आणि इथे लव खरी कामाची, कारण लव नेमकं बसूच देत नाही.

आपल्याकडे कापसाच्या शेतकऱ्याला हा हिशेब जुना आहे. विदर्भात लवदार पानाच्या कापसावर तुडतुडे कमी येतात हे माहीत असलेले लोक भरपूर भेटतील, दक्षिण आफ्रिकेत तर गेल्या शतकातच यू ४ नावाचा लवदार कापूस निवडून तुडतुड्यांमुळे बुडायला आलेलं पीक वाचवलं गेलं. पण त्याच लवेवर पांढरी माशी जास्त रमते. तिथले केस चिकट नसतात, नुसते आडवे येणारे, तुडतुड्याला अंडी घालायला आणि रस प्यायला शिरेपर्यंत पोचू देत नाहीत. म्हणजे एकच लव एका किडीला अडवते आणि दुसरीला बोलावते. बटाट्याच्या बाबतीतही कुठल्या भागात कुठली कीड मुख्य आहे हे आधी बघावं लागेल, सगळीकडे एकच माप चालणार नाही.

लवेच्या साखरेबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली, ती तंबाखूच्या एका रानटी भावंडाची आहे, अमेरिकेच्या वाळवंटातल्या. त्याच्या पानावरही बर्थॉल्टीच्या लांब केसासारखीच आम्ल जोडलेली साखर असते. अंड्यातून नुकतीच निघालेली अळी आयुष्यातला पहिला घास म्हणून हे केसच चाटून खाते. खाल्ल्यावर पोटात त्या साखरेतली आम्लं सुटी होतात आणि अळीच्या अंगाला आणि विष्ठेला त्यांचा वास यायला लागतो, आणि त्या वासाच्या मागावर जमिनीवरच्या मुंग्या येतात आणि अळीला घेऊन जातात. २०११मध्ये हे छापून आलं. पहिलं जेवणच तिचा पत्ता सांगतं. मी हे वाचलं त्या रात्री मला खरंच झोप लागली नाही, इतकं काय काय एका केसाच्या टोकावर चाललेलं असतं आणि आपण त्या पानावरून हात फिरवून पुढे जातो.

आपल्याकडे कासच्या पठारावर दवबिंदू नावाची वनस्पती आहे, ड्रोसेरा, सातारकरांनी नक्की बघितली असेल, तिच्याही केसांच्या टोकाला चिकट थेंब असतात. पण ती अडकलेला कीटक पचवते, नापीक कातळावर तिला तेवढंच खत. बटाटा कीटक खात नाही. त्याच्या पानावर मेलेला मावा नुसता सुकून राहतो.

आता पठाराकडे परत येते, कारण मला ज्याची काळजी आहे ते तिथे आहे. आमच्या भागात माव्याच्या जोडीला दुसरी मोठी कीड म्हणजे पाकोळी, बटाट्याचा पतंग. ती या देशात १९०६मध्ये आली, इटलीहून मुंबई इलाख्यात आलेल्या बेण्याबरोबर, आणि इथे कायमची झाली. पानात पोखरते, पण खरं नुकसान कंदात आणि आरणीत, म्हणजे काढलेल्या बटाट्याच्या साठवणीच्या ढिगात. जुनी माणसं आरण लावताना वरून घाणेरीचा पाला टाकायची, त्याच्या वासाने पाकोळी कमी येते. बर्थॉल्टीच्या लवदार पानावर ही पाकोळी अंडी कमी घालते हेही टिंगीच्याच गटाने दाखवलंय. पण कंदाला लव नाही. जमीन भेगाळली की पाकोळी भेगेतून कंदापर्यंत जाते, त्यामुळे मातीची भर नीट लावायची आणि उघडे पडलेले कंद झाकायचे हे काम कुठलाही वाण आला तरी शेतकऱ्याला चुकणार नाही. लव आली म्हणजे सगळं सुटलं असं कुणी पठारावर येऊन सांगायला लागलं तर मीच त्याला आधी हे विचारेन.

तरी मला बेण्याचं स्वप्न सोडवत नाही. खायच्या बटाट्यासाठी पुखराज वाण चालू द्या, चिप्सच्या कंपन्यांना त्यांचा वाण लावू द्या, तिथे उतारा बघावाच लागतो. पण बेण्यासाठी हिशेब थोडा वेगळा असू शकतो. घरचं बेणं दोन वर्षांऐवजी चार वर्षं टिकलं तरी गोणीमागे केवढे पैसे वाचतील, जालंधरच्या भावाकडे डोळे लावून बसायला नको. त्यासाठी लवदार वाण इथल्या हवेत, इथल्या पावसात बघायला हवा, कारण पठारावरच्या खरिपात तर आठवडा आठवडा पाऊस आणि धुकं, त्यात तो चिकट थेंब किती टिकतो हे पठारावरच बघावं लागेल. खरिपात एका छोट्या तुकड्यात लवदार वाण, बाजूला पुखराज, फवारणी कुठलीच नाही, आणि दर आठवड्याला १०० संयुक्त पानं उलटून मावा मोजायचा, मग तेच बेणं पुढच्या वर्षी परत लावून पाला गुंडाळतोय का ते बघायचं. मामा म्हणालेत, कुणी वाण आणून दिला तर दोन गुंठे देतो. मोजायला मी जाईन, मुलांना घेऊन.